पलंगाशेजारी दोन पॉइंट

धुळे
शनिवार, दुपार

प्रिय कामिनीवहिनी,

"माह्यं काय, मी अठीच बरी." तू हे म्हणालीस तेव्हा तुला आमच्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि ती तुझी सासरची पहिली आखाजी होती, पहिली अक्षय्य तृतीया. गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या होत्या आणि गल्लीतल्या सगळ्या सुना आपापल्या माहेरी गेल्या होत्या. मागच्या कडुनिंबाला आम्ही मुली झोका बांधत होतो. तू एकटी स्वयंपाकघरात सांजोऱ्या तळत होतीस. मी कॉलेजात जाणारी, अक्कल बेताची. दारात उभी राहून मी तुला विचारलं, वहिनी, तुम्हाला न्यायला मुऱ्हाळी नाही आला? तुझे आईवडील तुझ्या लहानपणीच गेले, पाचोऱ्याच्या मामांनी तुझं लग्न लावून दिलं आणि त्याच दिवशी आपलं काम संपलं असं धरलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मीच कधी विचार केला नव्हता. तू झाऱ्यावरची सांजोरी निथळून परातीत ठेवलीस, ते वाक्य म्हणालीस आणि त्याच दमात पुढचं म्हणालीस, "दोर पाहून घ्या ताई, मागच्या सालचा दिसतो." मी जाऊन पाहिला. दोर एका जागी खरंच विरला होता.

हे तुला आठवत नसेल. मला मात्र प्रत्येक आखाजीला आठवतं, कारण त्यानंतरच्या सगळ्या आखाज्यांना मी सावद्याला आले आणि तू 'इथेच बरी' म्हणत तिथेच होतीस.

बोलताना मी तुला अहो-जाहो करते. पत्रात ते जमेना. दोनदा 'तुम्ही' लिहून कागद फाडला. मोठ्या बायकांमध्ये मी फक्त आईला 'तू' म्हणते, आता तुला म्हणतेय. राग आला तर फोनवर सांग, पण पत्र शेवटपर्यंत वाच. शेवटी मला तुझ्याकडे काही मागायचं आहे. तू नाही म्हणशील हे मला आत्ताच माहीत आहे, तरी मागणार आहे.

आधी इकडची खबर. प्रेमराज बरे आहेत, उन्हाने वैतागलेत. सासूबाईंचा गुडघा दुखतो, पण संध्याकाळी सावद्याचा फोन लागला की त्या गुडघा विसरून स्वयंपाकघरात येतात. तुला माहीतच आहे, पडद्याला तोंड लावून विचारतात, "विहीणबाई, बठ्ठं बरं शे ना?" आणि आपली आई तिकडून डावा हात वर करते. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली, राहिला तो हा डावा हात आणि एक 'हा'. त्या एका 'हा'मधून तिला पाणी हवंय, कूस बदलायची आहे, की भाऊ शेतातून आला का हे विचारायचंय, ते फक्त तुला कळतं. मी तिची पोटची मुलगी, मला अजून कळत नाही. मागे मी चार दिवस राहायला आले होते तेव्हा ती 'हा' म्हणाली आणि मी पाणी पुढे केलं, तर तू आतून ओरडलीस, "पाणी नाही ताई, पंखा. पाण्याचा 'हा' आखूड असतो." सासूबाईंना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्या दिवसभर हसत होत्या आणि मग संध्याकाळी, कोणी काही न विचारता, पदराने डोळे पुसत होत्या.

आपली संध्याकाळची बैठक कशी सुरू झाली तेही मला लिहून ठेवावंसं वाटतंय. दोनशे मैल दूर असल्यासारखी मी धुळ्यात रडत बसायचे आणि सावदा तर इथून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचण्याइतकंच. पण कॉलेज, घर, सासूबाई. तूच म्हणालीस, "रडता कशाला? तुमचा भाचा पियुष शिकायला पुण्याला नवा घेऊन गेला, त्याचा जुना लॅपटॉप इथं धूळ खातोय. तो उघडून आत्याबाईंच्या समोर ठेवते. तुम्ही तिकडं आपलं काम करा. बोलायलाच पाहिजे असं कुठंय?" तेव्हापासून दिवेलागणीला तू आईच्या पायथ्याच्या तिवईवर लॅपटॉप उघडतेस, मी मिसळणाच्या डब्याला टेकवून फोन उभा करते, आणि मी भाजी चिरते, आई मला भाजी चिरताना पाहते. कांदा जाड चिरला की तिचा 'हा' येतो. तो एक मात्र मला बरोबर कळतो.

पण ते चालू राहीना. पाच मिनिटं झाली की चित्र गोठायचं, आईचा चेहरा चौकोन चौकोन होऊन जायचा आणि कट. पुन्हा लावायचं, पुन्हा कट. वायफायवाला नीलेश तीनदा येऊन गेला. तो यायचा, लॅपटॉप बैठकीतल्या टेबलावर ठेवायचा, वायर लावायचा आणि तासभर एकसारखं चालायचं. "वहिनी, याला काहीच झालेलं नाही," म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. तो गेला की आईच्या खोलीत पुन्हा तेच. मग दोष भिंतीवर आला. जुनी जाड भिंत, रेंज आत येत नाही. भाऊने वायफायचा डबा देवघराच्या वरच्या फळीवर नेला. तू म्हणालीस, देवासमोर ठेवलं आता आणखी काय करू, नारळ फोडू?

मी तर इकडे फोनच बदलला. कोणाच्याच डोक्यात आलं नाही की बैठकीत आणि आईच्या खोलीत भिंतीशिवाय दुसरा एक फरक आहे. आईच्या पलंगाशेजारी एकच पॉइंट. त्यात तिच्या हवेच्या गादीचा पंप. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती गादी चोवीस तास फुगत-बसत राहायला हवी, म्हणून तो पॉइंट तिचा. दुसऱ्या खोलीतून बोर्ड ओढून आणायला तुझी मुभा नाही, कारण मागे आईचं अंग पुसताना फरशीवर पाणी सांडलं आणि खालच्या बोर्डातून ठिणगी उडाली. त्या दिवसापासून तू त्या खोलीत जमिनीवर वायर येऊ दिली नाहीस. भाऊने चिडून पाहिलं, नीलेशने समजावून पाहिलं. "माझी सासू पाण्यात आणि तुमची वायर पाण्यात, दोन्ही एका खोलीत नको," एवढं बोलून तू विषय संपवलास. म्हणून लॅपटॉप आईजवळ नेहमी बॅटरीवर.

आणि मग तो दिवस. फाल्गुनातलं सकाळचं कोवळं ऊन म्हणून तू आणि शेजारच्या नूतनने मिळून आईला चाकाच्या खुर्चीत बसवून ओट्यावर नेलं होतं. गादी रिकामी, पंप बंद, पॉइंट मोकळा. तू लॅपटॉप तिथेच चार्जिंगला लावलास आणि मला सहज फोन लावून ठेवलास, मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. आईची रिकामी खोली, दोरीवरचे टॉवेल आणि मध्येच केळ्याच्या घडावरून उतरून आलेली मांजर, असं मी किती वेळ पाहत बसले. एकदाही कट झालं नाही. त्याच खोलीत, त्याच भिंतीच्या आत. संध्याकाळी तुझा फोन आला. तुझा आवाज अजून माझ्या कानात आहे. "ज्योत्स्नाताई, भिंतीले उगाच बोल लावला आपण. वायर लावली की हे चालतं, वायर काढली की कट होतं. याचं पोट भरेल नसलं की हे बोलतच नाही."

दुसऱ्या दिवशी मी हे जसंच्या तसं आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या स्वप्नीलला सांगितलं. तो हसला नाही, उलट खुर्चीत नीट बसला. म्हणाला, मॅडम, अर्धं काम तुमच्या वहिनींनीच केलंय. लॅपटॉप बॅटरीवर असला की शक्ती वाचवायला वायफायचा भाग अधूनमधून झोपवतो, किती झोपवायचा ते आपल्याला ठरवता येतं. कुठे जायचं, काय दाबायचं, ते त्याने मला समजावून दिलं आणि त्या रविवारी आपण दोघी बसलो. तुझ्या हातात लॅपटॉप, कानाला फोन. माझ्यासमोर माझा लॅपटॉप, मी वाचून सांगणार आणि तू करणार.

वहिनी, मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवतेय, पण शिकताना इतकं मजेत असलेलं माणूस मी क्वचित पाहिलं. मी म्हटलं, पॉवर ऑप्शन्स उघड. तू म्हणालीस उघडलं. मी म्हटलं, आता बारीक अक्षरात अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज दिसतं का बघ. तू म्हणालीस, "बारीक अक्षरातच लपवतात हे लोक कामाचं." मग एक यादी आली, मी म्हटलं त्यात वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज शोध आणि त्याच्या अलीकडचं अधिकचं चिन्ह दाब. मग तू ओरडलीस, "दाबलं! केळीसारखी पिलं निघाली खालून." पिलाच्या खाली आणखी एक पिलू, आणि त्याखाली दोन ओळी. तू एकेक अक्षर लावून वाचलंस. वायर लावलेली असताना मॅक्झिमम परफॉर्मन्स, म्हणजे पूर्ण जोर. बॅटरीवर असताना मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग, म्हणजे जितकी करता येईल तितकी बचत. मी समजावलं की यामुळे ते मध्ये मध्ये डुलकी घेतं. मग म्हणालीस, "आणि मी नीलेशले तीनदा चहा पाजला."

बचतीची ती ओळ कोणी लिहिली होती ते त्याच संध्याकाळी पियुषकडून कळलं. बारावीच्या वर्षी तो शेतातल्या मोटारीच्या खोलीत अभ्यासाला बसायचा, तिथे लाइटीचा भरवसा नाही, शेताची लाइट कधी दिवसा कधी रात्री, म्हणून बॅटरी जास्तीत जास्त पुरावी असं त्यानेच सगळं लावून ठेवलं होतं आणि विसरून गेला. तू त्याला म्हणालीस, "बापा, शेतात अभ्यास तू केला आणि डुलक्या याने घेतल्या, बरं वाटून घेतलं तुम्ही." मी इकडे हसून हसून खाली बसले.

आता निवड करायची होती. चार पर्याय होते. स्वप्नीलने सांगितलं होतं, मधलं काहीतरी ठेवा, पूर्ण जोर ठेवला तर बॅटरी लवकर उतरेल. मी ते तुला सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि वरचा पर्याय दाबलास. "पूर्ण जोरच टाकते. बॅटरीचं काय, उतरली तर परत भरता येते. आत्याबाईंची संध्याकाळ परत भरता येत नाही." मग अप्लाय, मग ओके. मग दुसऱ्या एका खिडकीत एक शेवटची खूण राहिली होती, तिथे लिहिलं होतं की शक्ती वाचवायला हे यंत्र बंद करण्याची परवानगी आहे. "परवानगी?" तू म्हणालीस. "कोणी दिली याला परवानगी? माले विचारलं का?" आणि ती खूण काढून टाकलीस.

त्या संध्याकाळपासून कट झालं नाही.

तुला वाटत असेल ही बाई मला माझीच गोष्ट का सांगतेय. वहिनी, त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगायला एवढी वाट काढतेय. कट होत होतं तोवर मला पाच मिनिटांचं सावदा दिसायचं. त्या पाच मिनिटांत तू पदर सावरून समोर असायचीस, आईचे केस विंचरलेले असायचे, "आज शेवभाजी खाल्ली आत्याबाईंनी, बारीक करून, दोनदा मागून घेतली," असं सांगायचीस आणि मला वाटायचं, चाललंय छान. न तुटणारी संध्याकाळ मी पहिल्यांदाच पाहिली. तू आईला कुशीवर कशी वळवतेस ते पाहिलं. एक गुडघा पलंगावर, आईचा हात स्वतःच्या गळ्यात, आणि उचलायच्या आधी तिच्या कानात काहीतरी सांगतेस. दरवेळी सांगतेस. परवा मी कान देऊन ऐकलं. "आत्याबाई, उचलू का?" एवढंच विचारतेस. दिवसातून कितीतरी वेळा उचलतेस आणि दरवेळी परवानगी घेतेस, आणि ती 'हा' म्हणेपर्यंत थांबतेस. मी हे कधी केलं नसतं. मला सुचलंच नसतं. मी घाईने, मायेने उचललं असतं, पण विचारलं नसतं.

आणखीही दिसू लागलं. आईला नीट झोपवून झालं की तू पलंगाचा कठडा धरून उभी राहतेस, आणि तो बराच वेळ सोडत नाहीस. तुझा चेहरा पडद्यावर फिका दिसायचा, मी समजायचे बल्बचा उजेड असेल. मग मी दिवसा बघितलं, तेव्हाही फिकाच. लॅपटॉप नीट होण्याआधीही मी विचारायचे, वहिनी, तब्येत बरी आहे ना, आणि तू म्हणायचीस, "हॅलो? आवाज येत नाही ताई, कट होतंय बहुतेक." आणि कट व्हायचं. गेल्या महिन्यात मी पुन्हा विचारलं, तू पुन्हा तेच म्हणालीस, आवाज येत नाही, कट होतंय. पण आता ते कट होत नव्हतं. चित्र स्वच्छ होतं, पाठीमागे गादीचा पंप घुर्र घुर्र करत होता, तोही मला ऐकू येत होता. आणि तू माझ्याकडे पाहत हात लांब करून पडदा मिटवलास. तेव्हा मला कळलं की आधीच्या कट झालेल्यांतले काही कट लॅपटॉपचे नव्हते. मला राग नाही आला. मला त्या पहिल्या आखाजीची सांजोरी आठवली, निथळत धरलेली.

आता मंगळवारची संध्याकाळ. इकडे धुळ्यात लाइट गेली. वायफाय इन्व्हर्टरवर आहे, म्हणून माझा फोन चालू राहिला, पण स्वयंपाकघरात अंधार. तुझ्याकडे पडदा नुसता काळा झाला असेल. मी मेणबत्ती शोधत होते, बोलले नाही. आणि तुला जुन्या सवयीने वाटलं की कट झालं. तू पुन्हा लावायलाही आली नाहीस. तू आईच्या पलंगाशी खाली फरशीवर बसलीस, डोकं गादीच्या कडेला टेकलंस आणि बोलू लागलीस. मी मेणबत्ती हातात धरून उभी राहिले, पेटवली नाही.

तू म्हणालीस, "आत्याबाई, भुसावळच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, पिशवीले मोठी गाठ शे. रक्त फार जातं, अंगात राहिलं नाही म्हने. पिशवी काढा लागीन." मग म्हणालीस, "काढाले मी भ्यात नाही. पन त्याच्यानंतर तीन महिने वजन उचलायचं नाही म्हने. मग तुम्हाले कोन उचलीन?" मग तूच हसलीस. म्हणालीस, "यांना नाही सांगितलं. यांची केळी कापनीवर आली, हे ऊन, घाबरून जातील. ताईंना तर नाहीच. त्या धावत येतील, नोकरी टाकून. तुम्हाले सांगितलं, तुम्ही कोनाले सांगत नाही."

वहिनी, तू आख्ख्या घरात एकच माणूस निवडलंस, ज्याला बोलता येत नाही.

आईने तिचा डावा हात तुझ्या केसांवर ठेवला. तो किती वेळ फिरत होता. तुझे डोळे मिटलेले होते, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. हात तुझ्या डोक्यावर तसाच ठेवून आईने मान वळवली आणि सरळ लॅपटॉपकडे पाहिलं. काळ्या पडद्याकडे, माझ्याकडे. तिला ठाऊक होतं चालू आहे. रोज तिथेच बघत असते ती, तिला कळणार नाही तर कोणाला. आणि ती 'हा' म्हणाली. तुला वाटलं तुला म्हणाली. तू "हो हो, आत्याबाई" म्हणत उठलीस आणि तिला पाणी दिलंस. पण वहिनी, तो पाण्याचा नव्हता. पाण्याचा आखूड असतो. आयुष्यात पहिल्यांदा आईचा एक 'हा' तुला चुकीचा कळला आणि मला बरोबर कळला.

म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर तू म्हणाली असतीस आवाज येत नाही. तीन दिवसांत मी एवढं केलंय: खालची खोली मोकळी केली, सासूबाई स्वतःहून वरच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, माझा गुडघा जिन्याने सुधारेल, जे खोटं आहे. पलंगाशेजारी दोन पॉइंट करून घेतले, भिंतीत वर, जमिनीपासून हातभर उंच, पाण्यापासून लांब. एक आईच्या गादीला आणि एक लॅपटॉपला. या खेपेला सावद्याहून भाऊने आपल्याला बघायचं, कांदा त्याने चिरायचा. इथल्या दवाखान्यात डॉक्टरांशी बोलले. आईला उचलायला मी आहे, प्रेमराज आहेत, दिवसाला एक बाई ठरवली आहे, आणि उचलण्याआधी विचारायचं हे मी त्या दोघांनाही शिकवलंय. तू पलंगावरून फक्त सांगायचंस कोणता 'हा' कशाचा. भाऊला मी अजून काही बोलले नाही, ते तुझं तू सांग, पण सांग. बॅटरी उतरली तर परत भरता येते, हे तूच म्हणाली होतीस. पण वहिनी, त्यासाठी वायर लावावी लागते, हेही तूच शोधून काढलं होतंस. आखाजीला अजून अवकाश आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात प्रेमराज गाडी घेऊन सावद्याला येतील, आईसाठी मागे रुग्णवाहिका असेल. ते दारात येऊन सांगतील की मी कामिनीबाईंचा मुऱ्हाळी आहे, त्यांना माहेरी न्यायला आलोय. सासूबाई सांजोऱ्यांचा रवा निवडून बसल्या आहेत. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे, कोणत्या सुरात म्हणशील तेही. तरी मागते. या आखाजीला माहेरी ये, वहिनी, माझ्याकडे.

तुझीच,
ज्योत्स्ना